रायकोची चार दारं

मी एक जुनी कॅरव्हॅन आहे, मित्रांनो. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आणि आधीच सांगून टाकते, मी मनात ठेवणारी आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकातली ती फाटकी छत्री नाहीतर मोडकी खुर्ची आत्मवृत्ताच्या शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होते. तसलं काही माझ्याकडून होणार नाही. ऐकायचं असेल तर ऐका.

माझा जन्म तुमच्यापासून फार दूर, क्रका नदीकाठच्या कारखान्यात झाला, १९७३ साली. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर पातळ प्लायवूड. तिथल्याच सुतारकामाच्या विभागात रायको होता. त्याने मला घरी नेलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या कपाटांची कारखान्यातली दारं उचकटून काढली. "दारं कसली ही, बिस्किटं आहेत!" असं त्याने बायकोला, नेझाला, सांगितलं. मग अक्रोडाच्या एकाच फळीतून त्याने चार नवी दारं केली. लाकडाच्या रेघा पहिल्या दारावरून निघायच्या आणि न तुटता चौथ्यावर पोचायच्या.

दरवर्षी जुलैत आम्ही समुद्रावर जायचो. पाइनच्या झाडांखाली मला उभी करायचे आणि नेझा माझ्या दोन चुलींच्या शेगडीवर भरलेल्या मिरच्या शिजवायची. निघायच्या दिवशी रायको एकेका दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहायचा. '१९७९. जेलीफिश फार.' '१९८४. नेझा दोन दिवस बोलली नाही. चूक माझी.' '१९८५. नेझा बोलते आहे. फारच बोलते आहे.' अशा कितीतरी ओळी होत्या. त्या माझ्या आत होत्या, म्हणून मी स्वतःला श्रीमंत समजायची.

मग एका वसंतात रायको वारला. नेझा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, ती मला ठेवणार कुठे? तेव्हा रायकोचा धाकटा भाऊ बोगदान पुढे झाला. त्याचं टेकडीवर शेत होतं, मोठं कोठार होतं.

"वहिनी, माझ्या कोठारात राहील ती. एक थेंब जरी पडला तिच्यावर, तर माझं नाव बदल," तो म्हणाला.

आठ दिवस मी कोठारात होते. नवव्या दिवशी ट्रॅक्टर आत आला आणि मी बाहेर गेले. तिथे झाडाची फांदी पडून माझ्या छतावरची झडप फुटली. पाऊस आत आला, बर्फ आत आलं, ते वितळून माझ्या भिंतींत उतरलं. नेझा दर नाताळात फोन करून विचारायची, आणि बोगदान सांगायचा, "राणीसारखी आहे गं!" राणी आतून कुजत होती.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात त्याने आलुबुखाराची दारू गाळायला भट्टी लावली. लाकडं रचली होती ती उघड्यावर, सगळी भिजलेली. तो पहार घेऊन माझ्यात शिरला आणि ती चार दारं त्याने बिजागरीसकट उपटली. एक उलटं करून त्याने वाचलं. जरासा हसला. मग चारही भट्टीखाली घातली. माझी खिडकी नेमकी त्या बाजूला होती. मी सगळं पाहिलं, मित्रांनो, आणि त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. नेझाला त्याने सांगितलं, "दारं काढून माळ्यावर ठेवलीत. वाकायला नकोत."

नेझाने विश्वास ठेवला. मी मात्र ठरवलं, की हे याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. पण मला कुठे तोंड आहे! मी संधीची वाट पाहत राहिले.

तेरा वर्षांनी बदल्याची पहिली संधी त्यानेच आणून दिली. आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात डुक्कर मारतात, त्याचं मांस आतड्यात भरून सलामी करतात, ती टांगून वाळवतात आणि मार्चमध्ये गावोगाव सलामीची स्पर्धा होते. त्यात नंबर आला की माणूस वर्षभर छाती काढून चालतो. बोगदानने चाळीस सलाम्या माझ्या आत टांगल्या. उंदीर नकोत म्हणून माझी हवेची जाळी न् जाळी, फट न् फट सिलिकॉनने बुजवली. अरे बाबा, सलामीला वारा लागतो हे शेंबड्या पोरालाही कळतं! पण हा अतिशहाणा. मग मीही हात आखडता घेतला नाही. भिंतींत साठलेला सगळा ओलावा मी त्या सलाम्यांवर सोडला. बाहेरून त्या झकास दिसत होत्या. स्पर्धेत परीक्षकाने पहिला तुकडा तोंडात घातला आणि रुमालात काढून ठेवला. सगळं सभागृह खोखो हसलं. मी तिथे नव्हते, पण बोगदान घरी येऊन एकेक गोष्ट ओकत माझ्या चाकाला लाथा घालायला लागला तेव्हा मला सगळं कळलं. फार बरं वाटलं.

"ही शवपेटी घेऊन जा, नाहीतर उद्या भंगारात घालतो!" त्याने नेझाला फोनवर सांगितलं.

न्यायला आली ती नेझाची नात, तिंकारा. बालवाडीत शिकवते. तिने मला आपल्या अंगणात आणलं, दार उघडलं आणि नाक दाबून म्हणाली, "आजी, तू आत येऊ नकोस."

"का? मी याहून वाईट बघितलंय. तुझ्या आजोबाचे मोजे बघितलेत," म्हणत नेझा आत आली. आधी तिची नजर कपाटांकडे गेली. तिथे चार भोकं होती. ती एवढंच म्हणाली, "दारं माळ्यावर आहेत. बाकीचं आपण करू. ती दारं लागली की मी समुद्रावर जाईन, तोवर नाही."

एप्रिलपासून काम सुरू झालं. तिंकारा टोच्या घेऊन माझ्या भिंतीत खुपसायची आणि तो लोण्यात जावा तसा जायचा. तिने प्रत्येक तुकडा सुटा केला. आकडे घालायच्या ऐवजी बालवाडीतले स्टिकर चिकटवले. माझ्या पलंगाची फळी 'बदक' झाली, नळाखालचं कपाट 'नासपती'. कुजलेल्या पट्ट्या काढून तिने नव्या घातल्या. खिडक्यांची रबरं बदलली, पत्र्याच्या शिवणींत फटी बुजवायची नवी लांबी भरली. बोगदानचं सिलिकॉन ती नखाने खरवडून काढायची आणि दर वितीला त्याला एक शिवी द्यायची. त्या शिव्या बालवाडीतल्या नव्हत्या.

नेझा रोज अंगणात खुर्ची टाकून बसायची, गाद्यांचे अभ्रे शिवायची आणि दर रविवारी बोगदानला फोन करायची. कधी माळ्यावर गांधीलमाश्यांचं पोळं असायचं, कधी त्याचा गुडघा धरलेला असायचा, कधी शिडी शेजारच्या पोल्देने नेलेली असायची. तिंकाराने चारही भोकं जुन्या मापाची ठेवली होती.

सप्टेंबरात माझं छत आतून लावायचा दिवस आला. प्लायवूडचा एकच मोठा तक्ता, ओला करून वाकवलेला, गोंद लावून वर दाबून धरायचा. मदतीला बोगदानचा तो शेजारी पोल्दे आला होता, एका टोकाला त्याचे हात. बाकी तीन टेकू. ओव्हनमध्ये डुकराचं मांस भाजत होतं, कारण आमच्याकडे छप्पर चढलं की लिकोफ द्यायचा असतो. ज्याचा ज्याचा हात छताला लागला त्याला पोटभर जेवण आणि वाइन. आणि छताला लागलेला हात मधेच काढायचा नाही, हाही नियम.

तेवढ्यात खिशात हात घालून बोगदान दारात. वासावर आला होता की फजिती बघायला, देव जाणे.

"वा! बालवाडीच्या बाई सुतारकाम करताहेत," तो आत शिरत म्हणाला. "पत्त्यांचा बंगलाही टिकतो म्हणा थोडा वेळ."

त्याच क्षणी मधला टेकू सटकला. मी सटकवला, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

"धरा! आजोबा, धरा!" तिंकारा किंचाळली. बोगदानचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

नेझा समोरच्या बाकावर बसली. "अर्धा तास धरायचंय, भावजी. गोंद आहे तो."

"अर्धा तास? खांदे जातील माझे!"

"जाऊ देत. दारं कुठायत?"

"माळ्यावर. सांगितलं ना!"

"मग आणत का नाही?"

"शिडी पोल्देकडे आहे गं."

"माझ्याकडे?" पोल्दे तिकडच्या टोकावरून म्हणाला. "मला कुणी दिली शिडी? बोगदान, सात वर्षं झाली मी तुझ्या अंगणात पाऊल टाकलं नाही."

बोगदानच्या नाकाच्या शेंड्यावर घाम जमला. पुसायला हात मोकळा नव्हता. गोंद अर्ध्या तासात धरतो, मित्रांनो. मी पाऊण तास लावला.

"दारं कुठायत?" नेझाने पुन्हा विचारलं. पुन्हा. आणि पुन्हा.

"जाळली!" तो शेवटी ओरडला. "दारूच्या भट्टीखाली घातली! लाकडं ओली होती. बस्स? झालं समाधान?"

"चारही?"

"चारही."

"आतलं वाचलंस?" भावजी वगैरे गेलं, नेझा अरे-तुरेवर आली.

"एकच ओळ वाचली."

"कुठली?"

"ती... तू दोन दिवस बोलली नव्हतीस, ती."

नेझाने मांडीवरचा अभ्रा उचलला आणि त्याची एकच घडी पुन्हा पुन्हा घातली. बोगदान हात वर करून उभा होता. "वहिनी, बोल काहीतरी. शिव्या घाल हवं तर," तो म्हणत राहिला. ती बोलली नाही. तिंकारा रडत होती. चौदा वर्षं मी याच घटकेची वाट पाहिली होती आणि नेझाचा चेहरा बघून मलाही रडू आलं. पण त्याला अजून पाच मिनिटं तसंच धरून ठेवलं.

छत चिकटलं. नेझाने माझ्या टेबलावर मांस मांडलं, पाव कापला आणि वाइनचे तीन पेले भरले. बोगदान दंड चोळत उभाच. छत धरलेल्या माणसाला लिकोफ दिला नाही, असं आमच्या खोऱ्यात कधी कुणी ऐकलं नव्हतं. पोल्देने उचललेला घास परत खाली ठेवला.

"नेझाताई, त्याचा पेला?"

"त्याने आपला वाटा आधीच घेतलाय," नेझा म्हणाली. "चार दारांची दारू प्यायलाय तो."

बोगदान निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गोष्ट नदीच्या दोन्ही काठांवर पोचली.

तिंकाराने नवी दारं करायची तयारी केली, पण नेझाने नको म्हटलं. चारही भोकं आज तशीच आहेत, आतले पेले दिसतात. पुढच्या जुलैत ती दारांशिवायच समुद्रावर आली. शेजारचे विचारतात, एवढं देखणं काम करून कपाटांना दारं का नाहीत? मग नेझा त्यांना सांगते. बोगदानच्या नावागावासकट.

मित्रांनो, कुणाची वस्तू सांभाळायला घेतलीत तर त्या माणसाला ती दरवर्षी दाखवा. आणि बिघडली तर त्याच दिवशी जाऊन सांगा. बिघडलेल्या वस्तूचं दुःख माणूस एक दिवस गिळतो. पण चौदा वर्षं जी आशा लावून ठेवली, तिचं काय करायचं त्याने?

मागच्या पानगळीत बोगदान अंगणात आला होता. म्हातारा झालाय. माझ्या दाराबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला. "वहिनी, माफी मागायला आलोय," म्हणाला. नेझा आत शिवत बसली होती. तिने सुई ठेवली, उठली आणि दार उघडायला गेली. कडी हलेना. तिने दोन्ही हातांनी ओढली, खांदा लावला. शेवटी तो गेला.

"ओलाव्याने फुगलं असेल दार," नेझा तिंकाराला म्हणाली.

ओलावा? तिंकाराने माझ्यात थेंबभरही ओलावा ठेवलेला नाही.