कुलूप लावलेली तेरा घरं

खैराच्या वाडीत चौतीस घरं होती. एकवीस उघडी, तेरा घरांना कुलूप. उघड्या घरांत अठ्ठ्याऐंशी माणसं. त्यांतल्या एकाहत्तर जणांची मोफत उपचाराची कार्डं मी हातात घेऊन पाहिली. ऐंशी पूर्णांक सात टक्के.

"झाली मोजणी?" शेळ्या हाकत आलेल्या बाळीमावशीने विचारलं. "मंग कार्डाची गाडी कवा येल?"

"मावशी, शिबिराची गाडी साठ टक्क्यांखालच्या वाड्यांनाच मिळते. इथे ऐंशी भरले."

"मंजे आमाला नाय?"

तिच्या मुलाला, भगीरथला, अंतर्गळ म्हणजे हर्निया झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. कार्डासाठी तो दोनदा मुरबाडला गेला, पण विटा थापून झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनवर उठेना. शिबिराच्या गाडीत डोळ्यांवरून ओळख पटवायचं मशीन असतं.

"त्याला धरलास का गो मोजणीत?" तिने समोरच्या कुलपाकडे बोट केलं.

"नाही. घर बंद आहे."

"भट्टीवर गेलाय तो, मेला नाय!"

तेराही घरं दिवाळीनंतर शहापूरकडे, भातसाच्या कालव्याकाठच्या एकाच वीटभट्टीवर गेली होती. मी पाहणीचे प्रमुख साईनाथ सर यांना फोन लावला.

"बंद घरं गाळायची, समीक्षा. सूचनांत लिहिलंय."

"सर, सूचनांत 'कोणी राहत नाही ती' असं आहे. हे लोक पावसाळ्याआधी परत येतात. वाडीतलेच आहेत."

"भट्टीवर जायचा भत्ता मिळणार नाही."

"नको."

"परवा दुपारपर्यंत आकडा हवा. नाहीतर ऐंशीच जाईल."

बाळीमावशीने तेरा घरांतली नावं सांगितली, मी लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघाले. भट्टीवर चार-पाच वाड्यांची माणसं होती, त्यामुळे प्रत्येकाला आधी वाडी विचारावी लागली. चिखल तुडवणारी रंगू हसली. "माणसं मोजून झाली की विटा पन मोज गो! शेठची मोजनी नेहमी कमीच भरते."

सगळे हसले, पण कार्ड विचारल्यावर बहुतेकांच्या माना नकारार्थी हलल्या. चौघांनी पेटीतून काढून दाखवलं. भगीरथ पोटाखाली फडकं घट्ट आवळून विटा रचत होता.

"ताई, माजा अंगठा नाय लागत."

"अंगठा नको. नाव सांग, आणि घरात किती जणं ते सांग."

"आमी पाच. कार्ड कुनाचाच नाय."

बारा घरं सापडली. तेरावं, हनुमानचं, मध्येच दुसऱ्या भट्टीवर गेलं होतं. कुठल्या ते कोणालाच माहीत नव्हतं. ते मी 'माहिती मिळाली नाही' असं वेगळं नोंदवलं आणि संध्याकाळी आकडा पाठवला.

सरांचा फोन आला. "समीक्षा, नक्की? कोणी दोनदा नाही ना धरलं?"

"दोन वेळा ताडून पाहिलंय, सर."

"वाच."

"घरं चौतीस, पाहिली तेहेतीस. माणसं एकशे एकोणपन्नास. कार्ड असलेली पंच्याहत्तर. पन्नास पूर्णांक तीन टक्के."