वाकड्या चांदणीचा रणगाडा

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. घाबरू नका, मी प्लास्टिकचा आहे आणि तुमच्या कंपासपेटीहून जरासाच मोठा.

कारखान्यातून मी सुटा सुटाच बाहेर पडलो. चाकं, पट्टे, तोफेची नळी, सगळं एका खोक्यात. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये नव्यानं आलेल्या हेमचंद्र नावाच्या तरुण सर्जननी मला हौसेनं घेतलं आणि "या रविवारी नक्की बांधतो" म्हणत तळघरात ठेवलं. रविवार पुष्कळ आले. डॉक्टर ऑपरेशनं करत राहिले आणि मी खोक्यातच म्हातारा झालो.

ते रिटायर झाले आणि पाठोपाठ त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, पण उजवा हात ऐकेना. मोठं घर विकून अपार्टमेंटमध्ये जायचं ठरलं. आवराआवर करताना त्यांची मुलगी अनया मला उचलून म्हणाली, "बाबा, हे डोनेट करू? तू आता कुठे बिल्ड करणार?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

"ठेव ते टेबलावर," डॉक्टर म्हणाले.

खोक्यात आहे तेवढ्यातच मला बांधायचं, बाहेरचं काही जोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण पहिलंच चाक चिमट्यातून निसटून सोफ्याखाली गेलं. पुन्हा निसटलं, तेव्हा त्यांनी चिमटाच आपटला.

"मी धरते ना तुकडा," त्यांच्या पत्नी, वसुधाकाकू म्हणाल्या.

"तुला जमायचं नाही."

"आणि तुम्हाला जमतंय?"

मग डॉक्टरांनी माझ्या जोडणीचा नकाशा हळूच काकूंकडे सरकवला. त्या दिवसापासून काकू तुकडा धरत आणि डॉक्टर डाव्या हातानं गोंद लावत. माझं एक चाक अधांतरीच राहिलं. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

शेवटी भिजवून चिकटवायचं पांढऱ्या चांदणीचं स्टिकर पाण्यात सोडलं, तर इतक्या वर्षांनी त्याचा भुगाच झाला. काकूंनी ब्रश उचलला.

"नको. मी काढतो."

माणसांच्या बारीक नसा शिवलेला तो उजवा हात थरथरत माझ्याकडे आला. डाव्या हातानं त्यांनी मनगट घट्ट धरलं होतं. चांदणी वाकडी आली, एक टोक भलतंच लांब. रंग पुसायचं औषध शेजारीच होतं. डॉक्टरांनी त्याचं झाकण लावून टाकलं.

नव्या घरात मी जेवणाच्या टेबलाजवळच्या फळीवर असतो. आजारपणानंतर डॉक्टर चारचौघांत जेवायचं टाळत. परवा अनया मुलांना घेऊन आली, तेव्हा मात्र त्यांनी चमचा उजव्या हातात घेतला. वरण टेबलक्लॉथवर सांडलं. अनया नॅपकिन घेऊन उठू लागली, तर काकूंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. डॉक्टरांनी चमचा पुन्हा भरला. या वेळी तो तोंडापर्यंत पोचला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवरची धूळ मऊ ब्रशनं झाडत जा, आम्ही नाजूक असतो. आणि कुणाचा हात थरथरत असला, तर त्याच्या हातातलं काम घाईनं काढून घेऊ नका. थोडं सांडू द्या.