घरची काडतुसं

यतिनला विकतचं म्हणून काही पटायचं नाही. परदेशातल्या, टार्निट उपनगरातल्या घरात गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नव्हती, तिथे त्याने काडतुसं भरायचं यंत्र मांडलं होतं. नेमबाजीच्या क्लबातून वापरलेल्या पुंगळ्या आणायचा, घासूनपुसून त्यांत पुन्हा दारू भरायचा आणि दुकानापेक्षा किती स्वस्त पडलं ते बायकोला, मयूराला ऐकवायचा. यंत्राचं आणि वाया गेलेल्या संध्याकाळींचं काय, असं तिने विचारलं की म्हणायचा, "तुला नाही कळायचं." तिला सगळं कळत होतं. त्या यंत्राचा तिला मनापासून राग यायचा.

दिवाळीत सलिलकडे फराळाचा डबा द्यायचा होता. सलिल क्लबातला त्याचा जिवलग मित्र. मयूराने चकल्या, शंकरपाळे भरले. यतिनने वर काडतुसांची पेटी ठेवली.

"हे काय आता?"

"दुकानातली घेतो येडा. घरचं ते घरचं, कळू दे त्याला."

"अरे, दुसऱ्याने भरलेलं काडतूस वापरायचं नसतं, तूच सांगतोस ना? आणि हे तुझ्या रायफलला बेतून भरलंयस."

"दुसऱ्याने म्हणजे अनोळखी माणसाने. नो वरीज गं."

मयूराने नाक मुरडलं आणि झाकण लावलं.

शनिवारी सलिलने त्यातली थोडी काडतुसं क्लबात नेली. त्याच्या रायफलला ती दारू झेपली नाही. रायफल मागून फुटली आणि त्याचा उजवा डोळा गेला. यतिन हॉस्पिटलात एकदा तोंड दाखवून आला. पुढे त्याला कामातून सवडच होईना.

महिन्याभराने सलिलची बायको उर्वी डबा परत द्यायला आली. आत यायला तिने नकार दिला.

"रिकामा डबा परत करू नये म्हणतात," ती यतिनला म्हणाली. "घरी उरली होती, तीच घातलीयेत."

ती गेल्यावर यतिनने डबा उघडला. एकेक काडतूस उजेडात धरून पाहिलं.

"दारू मी बरोबर मोजली होती. त्याच्याच रायफलमध्ये खोट असणार. आणि ही काही फुकट नाही जायची, मला चालतील."

मयूराला त्याच्याकडे बघवेना. तिने गाडीची किल्ली त्याच्यासमोर टाकली.

"जा, हे सलिलसमोर बोलून ये. आणि बसताना त्याच्या डावीकडे बस. उजवीकडचं त्याला दिसत नाही."