अकरा चांदखवले

पेटी उघडली आणि धम्मप्रिया तशीच थांबली. टीव्हीच्या पडद्यावर चंदेरी खवले रांगेने मांडलेले होते. तिने मोजले. अकरा.

मासेमारीच्या त्या गेममधली ही सगळ्यांत दुर्मीळ चीज. पाच जमले की लोहाराकडे नेऊन गळाची काठी पक्की करून घेता येई. बाबांनी त्याचं नाव चांदखवला ठेवलं होतं. दोन वर्षं, दर रविवारी टोरोंटोहून फोन केला की ती आधी तेच विचारी, “मिळाला का, बाबा?”

“नाही गं अजून. बघू.”

मग ती इतर खेळाडूंनी इंटरनेटवर लिहिलेलं धुंडाळून त्यांना सांगे. धुक्यातच सापडतो. उत्तरेच्या काठाला जा. गळाला गोगलगाय लावा. बाबा सगळं नीट ऐकून घेत.

त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. टोरोंटोपासून विमानाने पाच तासांवर, कोक्विटलामला भाऊ आयुषच्या घराच्या बेसमेंटमध्ये आई त्यांचे कपडे पिशव्यांत भरत होती. संध्याकाळी ते सगळं डोनेशनला जाणार होतं, गेमसुद्धा. द्यायच्या आधी एकदा बघावा म्हणून धम्मप्रियाने लावला, तर पेटीत अकरा खवले आणि काठी मात्र पहिल्या दिवशीची, बांबूची. खोटं बोलायला ज्याला जमत नसे, तो माणूस शंभर रविवार एकच खोटं कसा बोलला?

“आई, बाबांना हे मिळालं होतं?”

“कधीचंच. काहून?” आईने शर्टाची घडी घातली.

पहिल्याच हिवाळ्यात पाच जमले होते, आईने सांगितलं. काठी पक्की करून आणली, तर एका बटणात मासा आपोआप वर. हाताला काही कामच उरलं नाही. गेममध्ये मागे जायची सोय नव्हती. मग बाबांनी होतं ते सगळं पुसून टाकलं आणि बांबूच्या काठीपासून पुन्हा सुरुवात केली. बांबूला रिमोट हाताने गोल गोल फिरवावा लागे. लुळ्या पडलेल्या उजव्या हाताला व्यायाम म्हणून थेरपिस्ट पोरीने वीस मिनिटं सांगितली होती, बाबा जेवायला हाक मारेपर्यंत फिरवत बसत.

“स्ट्रोकनंतर क्लिनिकमध्ये फॉर्म भरायचा होता. पेन धरवेना. काउंटरवरची बाई म्हणाली, नुसती फुली मारा, चालेल. चांगल्या मनानंच म्हणाली ती. यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला अन् घरी आले.”

नागपूरला बांधकाम खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेला तो हात होता.

“मले म्हणाले, ‘अंगठा आपल्या घरातून माझ्या बापासोबत गेला, कांता. आता परत नाही आणायचा.’”

“मग? केली सही?”

“आठ महिन्यांनी. वाकडी. पण पूर्ण केली, बापाच्या नावासकट.”

धम्मप्रियाने रिमोट मांडीवर ठेवला. “मला का नाही सांगितलं?”

आई पिशवीला गाठ मारत होती. “मी म्हटलं होतं, सांगा तिले. तर म्हणे, ती तिकडे कॉन्डोत एकटी असते. रविवारी शोधायला काहीतरी असू दे तिला.”

आपण बाबांचं मन रमवतो आहोत, अशी इतके दिवस तिची समजूत होती.

गेम डोनेशनला गेला नाही. दोन स्वेटरांच्या मध्ये ठेवून तिने तो हातातल्या बॅगेतून टोरोंटोला नेला.

पुढच्या रविवारी पडद्यावरच्या तळ्यावर धुकं उतरलं. तिने उत्तरेच्या काठावरून बांबूची काठी टाकली. दहा मिनिटांत मनगट भरून आलं. रिमोट डाव्या हातात घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. मासा वर आला आणि पेटीत बारावा खवला पडला.

फोन वाजला. आई होती. बर्फ किती पडला, आयुषने ड्राइव्हवेवरचा फावड्याने काढला की नाही, असं बोलणं झालं. मग आईने विचारलं:

“मिळाला का गं?”

पडद्यावर लोहार येऊन काठी पक्की करायची का, असं विचारत होता. धम्मप्रियाने ‘नको’वर बोट दाबलं.

“नाही गं अजून,” ती म्हणाली. “बघू.”

“बघ,” आई म्हणाली. “रविवारी विचारते मग.”