नापासकाकांचं डावं चाक

नापासकाकांना हे नाव कोणी ठेवलं ते कोणालाच ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याचीही गाडी त्यांनी नापास केलेली असणार, एवढं नक्की. एकतीस वर्षं वाहन तपासनीस म्हणून नोकरी. रोज सकाळी टॉर्च आणि हातोडी घेऊन हा माणूस दुसऱ्यांच्या गाड्यांखाली घुसायचा आणि बाहेर येताना हमखास काहीतरी खोट घेऊनच यायचा. त्यातही पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चाक वर-खाली धरून हलवायचं, जरा जरी हललं तरी खिशातलं पेन काढायचं. "चाकाला खेळ आहे. नापास!" ड्रायव्हर गयावया करायचे, "साहेब, नखभर तर हलतंय." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर असे, "मरायला नखभर पुरतं."

आणि तेही काही खोटं नव्हतं हो. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्यासारखी वस्तू, वाटीत बसवलेला लोखंडी गोळा. चाक त्याच्यावर वळतं आणि त्या कोपऱ्याचा सगळा भारही तोच सोसतो. वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. नाही मिळालं तर झिजतो, ढिला होतो, आणि एक दिवस वाटीतून निसटतो. मग चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. हे सगळं काका शेजाऱ्यापाजाऱ्यांना न विचारता समजावून सांगत. लोक मान डोलवत आणि हळूच घरात जात.

निवृत्तीनंतर सगळी तपासणी एकाच गाडीच्या वाट्याला आली. ती म्हणजे त्यांची स्वतःची, सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची म्हातारी गाडी. लग्नाच्या दोन वर्षं आधी घेतलेली, त्यामुळे घरात ज्येष्ठता तिची. दर तीन महिन्यांनी काका ग्रीस गन घेऊन गॅरेजमध्ये जात, पुढच्या चाकांच्या जॉइंटवर जे बोंडाएवढं निपल असतं त्याला गनचं तोंड लावून ग्रीस भरत, बाहेर आलेलं फडक्याने पुसत, आणि गॅरेजच्या दारावर खडूने एक रेघ ओढत. अकरा वर्षांच्या चव्वेचाळीस रेघा झाल्या होत्या. पाहुणा आला की त्याला आधी त्या रेघा दाखवायच्या, पाणी मागाहून.

तर अशा या गाडीतून तीन वर्षांपूर्वी आवाज यायला लागला. वळण आलं की पुढच्या डाव्या चाकाशी टक्. डावीकडच्या सीटवर काकू बसत, त्यांच्या पायाखालीच म्हणा ना.

"अहो, आवाज येतोय," काकू म्हणाल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी काकांनी जगात कोणालाही सांगितली नव्हती. त्यांना तो आवाज ऐकूच येत नव्हता. डावा कान चार-पाच वर्षांपासून कामातून गेला होता. फोन ते उजव्या कानाला लावत, गप्पांत डावीकडची खुर्ची पकडत, आणि उरलेलं सगळं "हो का?" आणि "बघू" या दोन शब्दांवर निभावून नेत. पण गाडीत चालवणारे तेच, तेव्हा काकू नेमक्या मेलेल्या कानाकडे. शरीराचा एक पार्ट निकामी झाल्याचं हा माणूस कबूल करणार? एकतीस वर्षं दुसऱ्यांना नापास करणारा? छे! "कुठला आवाज?" असं विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून काकांनी तज्ज्ञ माणसं करतात तेच केलं. न ऐकलेल्या आवाजाचं निदान केलं.

"तो ना? तुझी छत्री आपटतेय दाराला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

पुढच्या खेपेला पर्स, पाण्याची बाटली, सगळं मागच्या सीटवर टाकून त्या चाव्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून बसल्या. "अहो, तरी येतोय."

"मग सीटची स्प्रिंग असेल. जुनी गाडी आहे, बोलणारच. तू नाही का बोलत?"

हे वाक्य आठवलं की काकांना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

अशी तीन वर्षं गेली. मग एका मंगळवारी काकूंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती डोंगरावरच्या गावात राहायची. हृदयाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. "ताई, एकदा येऊन जा गं, तुला बघावंसं वाटतंय," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. काकूंनी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी रविवारी बसने जाते."

"बसने? माझी गाडी दारात उभी असताना? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शहाणी बाई दिसते."

काका दोन दिवस फुगून बसले. गुरुवारी काकूंनीच तह केला. "हे बघा, घाटात एकवीस वळणं आहेत. मला बहिणीचं तोंड बघायचंय, वाटेत मरायचं नाही. गाडी एकदा दुसऱ्या कोणाकडून तपासून आणा. तो हो म्हणाला तर येते गाडीतून."

दुसऱ्या कोणाकडून! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी आधी स्वतः तपासणी केली. जॅक लावून चाक उचललं, दोन्ही हातांनी हलवलं. ढिम्म हललं नाही. पास! मग केवळ बायकोचं समाधान म्हणून, शुक्रवारी सकाळी, गाडी मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री म्हणजे काकांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने दुरुस्त केलेल्या किमान सात गाड्या काकांनी नापास केल्या होत्या.

मिस्त्रीने हात पुसले. "या साहेब, या. आज आमची पायरी चढलात?"

"काही नाही रे. बायकोच्या मनात भूत बसलंय, तेवढं उतरव. मी कालच बघितलंय, चाक जागचं हलत नाही."

"तुम्ही बघितलंय म्हणजे प्रश्नच नाही. जॅक कुठे लावला होतात?"

"चासीखाली," काका म्हणाले आणि शब्द तोंडातून सुटता सुटता त्यांना घाम फुटला. कारण एकतीस वर्षं तपासणीच्या वेळी याच मिस्त्रीवर ते ओरडत आले होते. अरे, चासीखाली, गाडीच्या सांगाड्याखाली, जॅक लावलास तर आतली स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते, मग खेळ कळणार कसा? चाक धरणाऱ्या दांड्याखाली, खालच्या आर्मखाली लाव! पण आर्मखाली जॅक लावायचा तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि काकांची कंबर हल्ली आडवी झाली की पुन्हा उभी व्हायला कुरकुरते. म्हणून घरी जॅक चासीखाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मिस्त्रीने आर्मखाली जॅक लावला, चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. चाक चांगलं बोटभर हललं.

"ऐकलंत ना साहेब?"

"ऐकलं," काका म्हणाले. सवयच ती.

मग त्यांनी पुढे होऊन स्वतः टायर धरला आणि हलवला. टक्. तीन वर्षांत पहिल्यांदा तो टक् त्यांना कळला, तोही कानाने नाही, तळहाताने. त्यांनी पुन्हा हलवलं. पुन्हा टक्. तरी जीभ काही वठणीवर येईना. "बेअरिंग असेल," ते म्हणाले.

"असेल की. जरा आत बसून ब्रेक दाबता का?"

ब्रेक दाबला की बेअरिंगचा खेळ थांबतो, तरीही चाक हललं तर दोष जॉइंटचा. हा धडा मिस्त्रीला कोणी शिकवला होता ते सांगायला नको. काकांनी ब्रेक दाबला. चाक हलतच राहिलं.

मिस्त्री टॉर्च घेऊन खाली वाकला. "साहेब, इथे काळा रंग कोणी लावलाय?"

अकरा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात, काकांनी गाडीचा खालचा सगळा भाग गंज धरू नये म्हणून स्वतःच्या हाताने रंगवला होता. दोन हात मारले होते, चापून. शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं, तेव्हा रंगाची टोपी निघाली आणि खाली निपलचं भोक दिसलं. पार बुजलेलं. ग्रीस गनमधून निघालेलं ग्रीस आत गेलंच नव्हतं, बाजूने बाहेर आलं होतं, आणि आलेलं बघून "वा, काठोकाठ भरलं!" म्हणून काकांनी ते पुसलं होतं. चव्वेचाळीस वेळा. पालथ्या घड्यावर पाणी. सगळं ग्रीस फडक्याला मिळालं, जॉइंटला थेंब नाही.

तासाभराने मिस्त्रीने जॉइंट सोडवला. त्यासाठी फार ठोकाठोक करावी लागली नाही, गोळा वाटीसकट जवळजवळ आपणहून हातात आला. वाटीत गंजाची लाल भुकटी. मिस्त्रीने तो काकांच्या तळहातावर ठेवला.

"डावीकडे कोण बसतं, साहेब?"

"बायको," काका म्हणाले.

मिस्त्रीने स्टूल पुढे सरकवलं. काका बसले. एकवीस वळणं, त्यांच्या डोक्यात एवढंच फिरत होतं. पहिल्या चार-पाच वळणांतच चाक निखळलं असतं. आणि आपण वर तिला काय म्हणालो असतो? छत्री?

"अशी गाडी तू घेऊन आला असतास ना," काका म्हणाले, "तर मी तुला पोलिसात दिलं असतं."

"नव्हतं दिलंत कधी. नापासच करत होतात," मिस्त्री म्हणाला. "नवीन जॉइंट मागवावे लागतील, जुनं मॉडेल आहे. पंधरा दिवस धरा. तोवर गाडी इथून हलवायची नाही."

चालत घरी जाताना काकांनी तीन खोटी उत्तरं तयार केली. किरकोळ काम निघालं. मिस्त्रीला सुट्टी आहे. पार्ट मिळत नाही, बाकी गाडी ठणठणीत. शेवटचं त्यांना फारच आवडलं, कारण त्यात निम्मं खरं होतं. पण खिशात फडक्यात गुंडाळलेला तो गोळा पावलागणिक मांडीला लागत होता.

काकू स्वयंपाकघरात टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. काकांनी फडकं उलगडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"तुझा आवाज. तीन वर्षं सांगत होतीस तो."

काकूंनी तो उचलून हलवला. गोळा वाटीत टकटकला. मग काकांनी सगळं सांगितलं. रंग, चासी, चव्वेचाळीस रेघा. सांगता सांगता उभ्यानेच दम लागला, तेव्हा शेवटचंही सांगून टाकलं. "आणि मला तो आवाज कधी ऐकूच आला नाही गं. डावा कान गेलाय माझा. चार-पाच वर्षं झाली."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? केव्हापासून?"

"तुम्ही छत्रीला दोष दिलात ना, तेव्हापासून. छत्री त्या दिवशी घरी होती."

काका खुर्चीत बसले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? चारचौघांत मिरवणाऱ्या माणसाला? म्हटलं, आपणहून सांगतील कधीतरी. तीन वर्षं लावलीत."

"पण आवाज येतोय हे कळत होतं, तरी त्याच सीटवर बसत होतीस? कशाला जीव धोक्यात घालायचा?"

काकूंनी भाजीची जुडी बाजूला ठेवली. "मी बसले नसते तर तुम्ही एकटे गेला असतात. मग आवाज ऐकायला कोण होतं?"

काकांना रडू आलं. चांगलं हुंदका देऊन आलं, भाजीच्या पसाऱ्यासमोर, हातात ग्रीसचं फडकं असताना. त्यांनी त्याच फडक्याने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं, तेव्हा काकूंना हसू आवरेना.

संध्याकाळी काका गॅरेजमध्ये गेले. गाडी नसल्यामुळे गॅरेज भलतंच मोठं वाटत होतं. दारावरच्या चव्वेचाळीस रेघांखाली त्यांनी खडूने ठळक अक्षरांत लिहिलं, नापास. खाली सहीही केली, पूर्वी करत तशी, लफ्फेदार.

रविवारी दोघं सकाळच्या बसने निघाली. काका गाडी चालवायच्या सवयीने खिडकीशी, उजव्या टोकाला बसायला गेले, तर काकूंनी त्यांना दंडाला धरून अलीकडे सरकवलं आणि स्वतः खिडकीशी, त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या. बस घाटाला लागली. काकू बहिणीबद्दल बोलायला लागल्या, मग लहानपणाबद्दल, मग तीन वर्षांत गाडीत बसून काय काय बोलल्या होत्या आणि त्यावर त्यांना "हो का?" आणि "बघू" कसं मिळालं होतं त्याबद्दल. एकविसाव्या वळणापर्यंत त्या बोलत होत्या, आणि काकांना सगळं ऐकू येत होतं.