गुणाजीची टाकी

पाचव्यांदा! राजश्री मॅडमची लाल स्पोर्ट्स गाडी पाचव्यांदा दोरीला बांधून कुवारबावच्या गॅरेजसमोर आली, तेव्हा काशीरामने हातातला पान्हा असा आपटला की शेजारचा टायरवाला बाहेर येऊन बघून गेला.

"भाट्याच्या पुलावर बंद पडली," मॅडम म्हणाल्या. बँकेतून रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली ही दोन सीटची जुनी गाडी. "मागे एसटी होती. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून मी इथे उभी आहे. काशीराम, जमत नसेल तर तसं सांगा."

"पेट्रोल, मॅडम, पेट्रोल! हल्ली त्यात इथेनॉल घालतात. ते हवेतलं पाणी ओढतं, रबर फुगवतं, जुन्या गाड्यांची पार वाट लावतं. मी तरी काय करू?"

"पाइप बदललेत, पंप बदललात, कार्बोरेटर चारदा उघडलात. दर वेळी पेट्रोलच?"

काशीरामचं बोलणं खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मूळची लोखंडी टाकी त्या पाण्यानेच आतून सडली होती. पंचवीस वर्षांच्या गाडीला नवी टाकी कुठून आणणार? मुंबईला विचारलं, पुण्याला विचारलं, सगळीकडून नन्नाचा पाढा. मग त्याचं डोकं चाललं. फायबरला कुठे गंज लागतो? आणि फायबरचा माणूस तर घरातलाच! थोरला भाऊ गुणाजी नाटे बंदरात फायबरच्या होड्या बांधायचा. हात कापायला लागल्यापासून दोन वर्षं त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

गुणाजीने आठ दिवस खपून टाकी केली. नवी होडी पाण्यात सोडताना फोडतात तसा नारळ फोडला. तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन. "काशा, माझी टाकी कशी आहे?"

"एक नंबर, दादा."

आता ह्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून काशीरामने टाकी सोडून सगळं बदललं.

त्याने वैतागतच कार्बोरेटर उघडला. आत तोच तपकिरी, फणसाच्या चिकासारखा राप. पेट्रोलने धुतला तरी बोटांचा सुटेना. तो हात पुसतोय तोच दारात ओळखीचा खोकला ऐकू आला.

"आधी घरी गेलो, तर तुझी बायको म्हणाली, ती गाडी सारखी परत येतेय. म्हटलं बघावं तरी," गुणाजी म्हणाला. हातात सुक्या बांगड्यांची पिशवी.

अरे देवा! आजच यायचं होतं ह्याला!

"काही नाही दादा, पेट्रोल खराब. तू बस, चहा सांगतो."

गुणाजी बसला नाही. त्याने तो राप बोटावर घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. मग त्याची नजर फळीवरच्या लोणच्याच्या बरणीवर गेली. बरणीत पेट्रोल, आणि पेट्रोलात त्याच्याच टाकीचा उरलेला तुकडा. त्याने तो बाहेर काढला आणि दोन बोटांत दाबला. भिजलेल्या पापडासारखा वाकला.

"कधी ठेवलास हा?"

"आठ दिवस झाले."

"म्हणजे आठ दिवस तुला माहीत होतं. होडीच्या डिझेलला हे फायबरमधलं रेझिन जन्मभर टिकतं. तुझं इथेनॉल त्याला विरघळवतंय, तोच हा राप. आणि तू ह्या बाईंना तशीच गाडी दिलीस?"

"दादा, तुला वाईट वाटेल म्हणून…"

"मला वाईट वाटेल म्हणून?" गुणाजीचा आवाज चढला. "मेल्या, माझी होडी गळायला लागली, तर माझं मन राखायला खलाशांना समुद्रात ठेवशील? हात कापतात रे माझे, अक्कल नाही गेली! एक फोन केला असतास तर मीच म्हटलं असतं, काढ ती टाकी."

पुलावरची ती एसटी काशीरामला आत्ता दिसली, ब्रेक न लागलेली.

गुणाजी मॅडमकडे वळला. "बाई, टाकी मी केली, ती ह्या पेट्रोलला चालत नाही. चूक माझी. ह्याने लपवलं, ती ह्याची. राजापूरला एक पत्र्याचं काम करणारा आहे, स्टीलची टाकी करून देईल. माप मी देतो."

मॅडम काशीरामकडे बघत राहिल्या. "मी तुम्हाला विचारलं होतं, काशीराम," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

टाकीतलं पेट्रोल काढून झाल्यावर गुणाजीने हात पुढे केला. "पान्हा दे."

"दादा, मी काढतो ना."

"सरक."

पान्हा बोल्टावर बसेना. एकदा निसटला, दोनदा निसटला. काशीरामचा हात पुढे गेला.

"नुसता उजेड धर," गुणाजी म्हणाला.

चार बोल्ट काढायला त्याला अर्धा तास लागला. काशीराम बॅटरीचा उजेड धरून उभा राहिला.