दारावर बसायची जागा

आमच्या गावातल्या हितेंद्रची पोरगी भाविका नववीला होती तेव्हा माझ्या रिक्षात तिची जागा ठरलेली. माझ्या बाजूला, आरशासमोर. मागे पोरं कोंबलेली, दप्तरं बाहेर लटकलेली, आणि ही बया आरशात बघून तोंडं वाकडी करून राहिलेली. गावातून हायस्कूलला जायचा रस्ता सगळा केळीच्या बागांमधून. तेवढ्या वेळात ती अर्ध्या गावाची नक्कल काढून दाखवायची. झुलालनाना पानटपरीवर खोकतात कसे, आमचा सरपंच झेंडावंदनाला श्वास कुठे घेतो, कंडक्टर सुट्टे पैसे नाही म्हणताना वर का बघतो. बठ्ठं, म्हणजे सगळं.

माझी तर चंगळ. मी स्वतः काही साधा माणूस नाही. नवीन आलेल्या पोराला मी सांगायचो, ही रिक्षा आवाजावर चालते, ओरडला नाही तर बंद पडते. पोरगं हायस्कूलपर्यंत घसा फोडत यायचं. पुलावर गाडी मुद्दाम बंद करून आठवीच्या पोरांना धक्का मारायला लावायचो, आणि ते घामाघूम झाले की चालू करून पुढे निघून जायचो. एकदा वर्गाच्या खिडकीतून हळूच सांगितलं की बागेत बिबट्या निघाला, सोडून दिलंय सगळ्यांना. अर्धा वर्ग दप्तर घेऊन फाटकाजवळ. शालिग्राम सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, छडी घेऊन माझ्या मागे आले होते.

पण भाविका माझी बाप होती. एकदा मधली सुट्टी संपायला आली आणि पाण्याच्या टाकीमागून शालिग्राम सरांचा आवाज आला, ''विद्यार्थी मित्रांनो, आज हवा चांगली आहे, अजून थोडं खेळा!'' सगळी शाळा मैदानावर. मास्तर लोकही परत चहाला बसले. सर स्वतः ऑफिसात पेपर वाचत होते, त्यांना वाटलं आपणच कधी बोललो असू.

सापडली, तेव्हा सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. बाहेर आम्ही कान लावून. आत शांत. मग सरांचं हसणं. म्हणे, ''मला गॅदरिंगला काढू नको. बाकी कोणालाही काढ.''

तिने काढलं दारावरच्या बायांना.

आमच्याकडे मयत झालं की गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे शेवटच्या विधीपर्यंत, लोक दारावर येतात. बाया येतात त्या तर बघण्यासारख्या. टेम्पोतून उतरतात तेव्हा गप्पा चाललेल्या असतात, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा कापूस किती निघाला. गल्लीच्या कोपऱ्यावर आल्या की पदर तोंडावर, आणि एकदम हेल काढून रडणं सुरू. दाराशी जिची जागा असते, म्हणजे गेलेल्याचं सगळ्यात जवळचं माणूस, तिच्या गळ्यात पडायचं. मग ओळी. गेलेल्याला हाका मारून एकेक ओळ. मग कोणीतरी पाण्याचा तांब्या आणतं, चूळ भरली की रडणं नळासारखं बंद. आणि कापूस परत सुरू.

आमच्या गावात यात पहिला नंबर यशोदाअक्काचा. हितेंद्रची आत्या. तरुणपणी विधवा झाली, तेव्हापासून प्रत्येक दारावर हजर. ती नसेल तर मयताला रंग नाही, असं लोक बोलायचे.

भाविकाला ही बाई शिकवली तिच्या आईने. ज्योतीने. भाकरी थापता थापता ज्योती सांगायची, ''तसं नाही गं, अक्का पदर डाव्या हातात धरते. उजव्या हाताने नाक पुसते. आणि ओळ संपताना मान हलवते, अशी.'' स्वतः करून दाखवायची, आणि हसू आवरायचं नाही म्हणून पिठाचा हात कपाळाला लावायची. मी दूध न्यायला जायचो तेव्हा हे बघितलेलं. चुलीपुढे तालीम, आणि धाकटा पियुष, पाच वर्षांचा, समोर बसून मांडीवर टाळ्या वाजवतोय.

गॅदरिंगला ही नक्कल अशी काही रंगली की विचारू नका. बाया पोट धरून हसत होत्या. ज्या बायांची नक्कल, त्याच जास्त. एकटी यशोदाअक्का उठून गेली. भाविकाला पहिलं बक्षीस, पाण्याची बाटली आणि टाळ्या. कोणीतरी मोबाईलवर काढलेलं, ते गावाच्या ग्रुपवर, मग चोपड्यापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी रिक्षात बसताना तिने मला विचारलं, ''मामा, जिल्ह्याला घेतील का हो मला?'' मी म्हटलं, ''जळगावला काय, दिल्लीला घेतील. फक्त जाताना माझी नक्कल करू नको, मी गिऱ्हाईक घालवून बसेन.''

पुढच्याच आठवड्यात ज्योती गेली.

सकाळी लाईट आली म्हणून मोटार चालू करायला बागेत गेली होती. पाय ओले, खाली चिखल, स्टार्टरच्या पेटीला कुठेतरी वायर टेकलेली. हितेंद्र चोपड्याला खत आणायला गेलेला. शेजारच्या बागेतल्या लोकांनी लाकडाने ओढून काढली, तोवर संपलं होतं.

झुलालनानांचा मला फोन. ''रुपचंद, पोरीला आण. काही सांगू नको. मायले बरं नही, एवढंच सांग.''

आपल्याकडे असंच सांगतात. मोठ्या माणसाला कळतं, बरं नाही म्हणजे काय ते. पोरांना नाही कळत.

मी वर्गाच्या दारात गेलो. मराठीच्या मॅडम शिकवत होत्या. मी म्हटलं, ''भाविका, चल. आईला बरं नाही.''

आणि पूर्ण वर्ग हसला.

मॅडमही म्हणाल्या, ''रुपचंदभाऊ, परवा बिबट्या झाला, आज हे काय नवीन?'' भाविकाने मला डोळा मारला. ''मामा, जरा दमाचं आणा ना. आईला बरं नाही हे तर चौथीचे पोरं पण सांगतात.''

मी काय करू? मी तोंड जितकं गंभीर करू तितकी पोरं जास्त हसत होती. माझं तोंडच तसं झालंय. स्वप्नील म्हणून एक पोरगा आहे, तो मागून ओरडला, ''मामा, मलापण बरं नाही, मलापण घेऊन चला!''

तेवढ्यात शालिग्राम सर आले. त्यांनाही फोन आला होता. ते दारात थांबले, चष्मा काढला, आणि म्हणाले, ''जा बेटा. दप्तर राहू दे.''

भाविकाला सरांचे सगळे आवाज पाठ होते. रागावलेला, माईकवरचा, साहेब आल्यावरचा. हा आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. मी बघितलं, तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. ती बाकावरून उठली, एक हात पुढे केला आणि तिला रडू फुटलं.

फुटलं ते तसंच फुटलं. हेल काढून. डावा हात ओढणीला, मान हललेली. ''कथा गयी व माय...'' नकलेतलीच ओळ, कुठे गेलीस गं आई.

मागून टाळ्या वाजल्या. ''वन्स मोर!'' हा स्वप्नील. पोरं बाकं वाजवायला लागली. मॅडम म्हणाल्या, ''पुरे, भाविका, तास चालू आहे.'' मग मॅडमनी सरांकडे बघितलं, आणि हातातलं पुस्तक खाली पडलं. टाळ्या एकेक करून बंद झाल्या. स्वप्नीलच्या सगळ्यात शेवटी.

रस्ताभर ती दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. आरशाकडे बघितलं नाही. गाव दिसायला लागलं तेव्हा हात काढून म्हणाली, ''मामा, मी खरंच रडत होते.''

''माहीत आहे मला.''

''मग ते हसले का?''

मी गिअर बदलला. बदलायची काही गरज नव्हती.

घरासमोर माणसं जमलेली. ती रिक्षातून उतरली आणि आतल्या बायांचं रडणं एकदम अडखळलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. सगळ्यांनी ते मोबाईलवर बघितलेलं होतं, कोणी दोनदा, कोणी दहादा. शेजारच्या दोन तरुण पोरींनी पदर तोंडात धरला. त्या हसत होत्या असं मी म्हणत नाही. पण त्यांना भीती होती, की हिने तोंड उघडलं तर आपल्याला हसू येईल. माणसाचं असंच असतं, नाही हसायचं म्हटलं की येतंच.

यशोदाअक्का ज्योतीच्या उशाला बसली होती. तिने हे सगळं बघितलं आणि म्हणाली, ''हिले मांगना खोलीत लई जा. मयतनं हसू होई.''

हितेंद्र भिंतीला टेकून बसला होता. त्याला काय चाललंय ते दिसतही नसेल. तो फक्त म्हणाला, ''जाय बेटा, मागे जा.''

आईला उचललं तेव्हा पोरगी मागच्या खोलीच्या खिडकीत होती. गज धरून. एक आवाज नाही केला तिने.

मग दार सुरू झालं. रोज बाया येत होत्या, अडावदच्या, यावलच्या, कुठल्या कुठल्या. उंबऱ्याजवळ जवळच्या माणसाची जागा, तिथे यशोदाअक्का बसलेली. सगळ्या तिच्या गळ्यात पडायच्या. आणि भाविका मागून तांबे भरून आणायची. खाली मान घालून पाणी द्यायची, रिकामा तांब्या घ्यायची, मागे जायची. एखादी नवीन बाई विचारायची, ''ही कोण?'' दुसरी कानात सांगायची, आणि दोघी तिच्याकडे बघत राहायच्या.

तिला एकच पाहिजे होतं. मला मागच्या अंगणात सांगितलं तिने, राखेने तांबे घासता घासता. ''मामा, मला दारावर बसायचंय. आई माझी गेली. अक्काची नाही गेली.''

''मी बोलतो बाबाशी.''

''मी नाटक नाही करणार. शप्पथ. एक पण ओळ नाही म्हणणार. नुसती बसेन.''

हितेंद्रला बाजूला घेऊन मी बोललो. तो म्हणाला, ''रुपचंदभाऊ, तुम्ही नका बोलू. तुमच्या बोलण्यावर कोणी भरोसा ठेवतं का?''

झालं. पूर्ण आयुष्यात माझ्याकडे त्याच दिवशी एक खरं बोलणं होतं, तेही कोणी घेतलं नाही.

ज्योतीची मोठी बहीण झुंबरबाई शिंदखेड्याला दिलेली. पाय मोडला होता, प्लास्टर होतं, म्हणून मयताला येता आलं नव्हतं. गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी जीपमध्ये आडवी बसून आली. तिच्याकडे साधा बटनाचा फोन, तिने काही व्हिडिओ बघितलेला नव्हता. दोघांनी धरून आणली. ती रडली, यशोदाअक्काच्या गळ्यात पडून रडली, पाणी प्यायली. तांब्या परत देताना तिने पोरीचं मनगट धरलं. पोरीला तिने लहानपणीच काय ते बघितलेलं.

''भाविका ना व तू?''

पोरीने मान हलवली.

झुंबरबाईने सगळीकडे बघितलं. ''आनि पानी भरी राहिनी? मायनी पोर मांगे आनि बठ्ठं गाव पुढे? असं कसं वो हाई?''

यशोदाअक्का हळूच म्हणाली, ''तिले रडता येत नही, बाई. तिले नक्कल येस.''

''बस आठे,'' झुंबरबाई पोरीला म्हणाली. ''मनाजोडे बस. रड तुना मायसाठे.''

आम्ही गडी माणसं ओट्यावर सतरंजीवर बसलेलो. दार उघडं, सगळं दिसत होतं. भाविका मावशीच्या जवळ बसली. तिने आमच्याकडे बघितलं, बायांकडे बघितलं. तोंड उघडलं, बंद केलं. नुसतं बसायचं म्हणाली होती, पण सगळ्यांचे डोळे तिच्यावर, आणि मावशी पाठीवर हात फिरवत म्हणतेय, रड, मोकळी हो.

तिला एकच रडणं येत होतं. आईनेच शिकवलेलं.

''कथा गयी व मनी माय,'' तिने सुरू केलं. सूर तोच, हेल तोच. डाव्या हातात ओढणी. माझ्या शेजारी झुलालनाना पुटपुटले, ''अरे देवा.'' आत कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. कोणीतरी मान खाली घातली.

''भरेल घर सोडी गयी व मनी माय...''

आणि ती थांबली. पुढची ओळ तिला पाठ होती. गॅदरिंगला त्याच ओळीवर सगळ्यात जास्त हशा पडला होता. तिने ओठ हलवले, पण ती ओळ काही बाहेर येईना.

पियुष मावशीच्या प्लास्टरवर हात ठेवून उभा होता. कितीतरी दिवसांनी त्याला ओळखीचं काही ऐकायला मिळालं होतं. खूश झाला होता.

''ताई, विसरली?'' तो म्हणाला. ''तुना लेकरेसले कोन ताट वाढी. असं म्हण. आणि मग नाक पुसायचं.''

उजव्या हाताने नाक पुसून दाखवलं त्याने.

कोणी हसलं नाही. भाविकाने त्याला ओढून घेतलं, आणि मग तिच्या पोटातून जे काही यायला लागलं त्याला ना सूर, ना ओळ. ओकारी येते तसं. मध्येच श्वास अडकायचा, पोरगं चिरडेल इतकं घट्ट धरलेलं, नाक-तोंड सगळं एक झालेलं. पियुष घाबरून रडायला लागला.

यशोदाअक्काने सवयीने पदर तोंडाशी नेला, सूर लावायला. मग तो तसाच खाली आला. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे सरकली, अक्काने हाताने थांबवलं तिला. ''ऱ्हाऊ दे. पानी नको दिऊ आते.''

हितेंद्र माझ्या बाजूने उठला. बायांमध्ये गडी माणूस जात नाही, झुलालनानांनी त्याचा सदरा धरलादेखील. तो सोडवून आत गेला आणि पोरीच्या पाठीमागे खाली बसला.

अक्का उंबऱ्याजवळून उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. पोरीच्या दंडाला धरून तिने तिला आपल्या जागेवर सरकवलं आणि स्वतः मागे भिंतीशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने कोपऱ्यावर टेम्पो थांबला. पारोळ्याच्या बाया होत्या. उतरल्या, पदर घेतले, रडत गल्लीत शिरल्या. दाराशी येऊन पहिलीने बघितलं, कोण बसलंय ते, आणि सरळ भाविकाच्या गळ्यात पडली.